तळ्याकाठचा प्लॉट

मी जिन्याखाली बसून लसूण सोलत होते आणि वर सून फोनवर बोलत होती. दार अर्धं उघडं होतं. मुद्दाम ऐकायला म्हणून मी बसले नव्हते, पण आमच्या घरात जिन्याखाली बसलं की वरचं सगळं कानावर येतं.

"प्लॉट आपल्या नावावर झाला," ती सांगत होती. "हो, तळ्याकाठचाच. दोन खोल्या बास झाल्या आपल्याला. दगड विकत नको घ्यायला, ते मी आणते. लाकडाचं तू बघ. छपरालाच पैसे कमी पडणारेत, पण बघू."

मग ती हसली. पलीकडे माझा मुलगाच असणार, कारण आमच्यापुढं ती त्याला अहो म्हणत असली तरी असं मोकळं ती त्याच्याशीच हसायची. माझ्या हातातली पाकळी हातातच राहिली.

मुलगा फौजेत आहे. त्याचे वडीलही फौजेतूनच सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव तासगावपासून थोडं आत. थोडा ऊस, थोडी द्राक्षबाग आणि बागेच्या कडेला बेदाण्याची शेड. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवून घरी बसले त्याला काही वर्षं झाली. सून साताऱ्याची. लग्न होऊन दीडेक वर्ष झालं होतं आणि त्यात नवरा-बायको एकत्र राहिले ते त्याच्या दोन सुट्ट्यांपुरते. ती घरूनच एका कंपनीचं काम करायची, विम्याची कागदपत्रं तपासायचं. सकाळी चहा झाला की कानाला हेडफोन लावून वर जायची, ती संध्याकाळी दिवेलागणीला खाली यायची. पोरगी शांत, कामाला चोख. आमच्याकडे सुना सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात, तशी मला आत्या म्हणायची. भांडण कधी झालं नव्हतं. खरं सांगायचं तर भांडण व्हावं इतकं आम्ही कधी बोललोच नव्हतो.

आणि आता ही दोघं प्लॉट घेऊन बसली होती. दोन खोल्यांचा. म्हणजे त्यात आम्ही दोघं धरलेलोच नव्हतो.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे शेडवरून नुकतेच आले होते, पाय धूत होते.

"आवं, पोरांनी जागा घेतलीया कुठंतरी. येगळं ऱ्हायचा इचार दिसतोय."

"कुणी सांगितलं?"

"मी ऐकलं."

"मग इचार की तिला. त्यात काय हाय?" असं म्हणून त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि विषय संपवला. फौजेत राहिलेल्या माणसाला सगळं सोपं वाटतं. विचारायचं आणि उत्तर घ्यायचं. मला ते जमेना. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर पुढं काय बोलायचं, हेच मला ठरवता येत नव्हतं.

मग माझं चित्तच थाऱ्यावर राहिलं नाही. ती वर गेली की माझे कान वर. एकदा ऐकलं, विटा भाजायला टाकल्यात. एकदा ऐकलं, खिळे कमी पडले, बाजारात भाव वाढलाय. आणि एकदा तर ती काळजीनं म्हणाली, "मुदतीत घर उभं नाही राहिलं तर प्लॉट परत जाईल रे. भरलेले पैसे पण बुडतील." पैसे कुठले, कर्ज काढलं की काय, की माहेरच्यांनी दिले? तळं कुठलं? आमच्या भागात तळ्याकाठी कोण प्लॉट पाडणार? पाचगणीच्या बाजूला लोक बंगले बांधतात ते मी बघितलं होतं. ते तिच्या माहेराहून जवळ. सगळं जुळत होतं.

मी स्वतःलाच तपासायला लागले. तिच्या भाकरीला कधी नाव ठेवलं का? एकदा म्हणाले होते, कडेला कच्ची राहते. तिनं ड्रेस घालून दारात उभं राहिलेलं मला आवडत नाही, हे तोंडानं नाही बोलले, पण चेहऱ्यावर दिसलं असेल. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं होतं, सून दिवसभर करते काय वर? तेव्हा मी नुसती मान हलवली होती. ते तिनं ऐकलं असेल का? जेवताना मी तिच्याकडे बघायचे आणि तिनं वर बघितलं की आमटी वाढायला घ्यायचे. तिला काही कळेना. दोन वेळा तिनं विचारलं, "आत्या, बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, "न्हाई गं, उन्हाचं जरा डोकं दुखतंय."

शेवटी मी विहीणबाईंना फोन केला. आडून विचारू असं ठरवलं होतं. तब्येती झाल्या, साताऱ्याच्या पाण्याचं झालं, आणि मग मी म्हणाले, "पोरांच्या घराचं तुमच्या कानावर आलंच असंल."

"कसलं घर?" विहीणबाईंचा आवाज एकदम बदलला. "काय झालं? भांडण झालं का काही?"

मी सावरायला गेले, पण ते आणखी बिघडलं. फोन ठेवल्यावर त्यांनी लगेच लेकीला फोन लावला असणार, कारण थोड्याच वेळात सून जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारात आली. हेडफोन गळ्यात तसाच. चेहरा उतरलेला.

"आत्या, तुम्ही माझ्या आईला काय विचारलंत? ती रडतीये फोनवर. तुला घरातून बाहेर काढतायत का म्हणाली."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. तळं, प्लॉट, दोन खोल्या, विटा. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग ते गेलं. मला वाटलं आता ही रडणार.

"वर चला," ती म्हणाली.

तिच्या कॉम्प्युटरवर हिरवंगार रान होतं. मधे मोठं तळं, पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि त्या डोंगरांवर काहीतरी मोठं पाखरू घिरट्या घालत होतं. ते पाखरू नव्हतं, तो आग ओकणारा प्राणी होता, पण इकडे येत नाही म्हणाली. तळ्याच्या काठाला चार खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. आत पाया भरलेला, एका बाजूला कमरेएवढी भिंत. शेजारी दगडांचा ढीग. आणि पांढऱ्या घोड्यावर एक बाई बसलेली, अंगात चिलखत, पाठीला धनुष्य.

"ही मी," सून म्हणाली. मग खुंटीजवळ उभ्या असलेल्या एका दाढीवाल्या गड्याकडे बोट दाखवलं. "आणि हे ते. तिकडून मोबाईलवर खेळतात. आत्ता ऑनलाइन नाहीयेत, पण शेवटी इथंच उभे होते."

त्या गड्याच्या डोक्यावर अक्षरं तरंगत होती. मी चष्मा लावून वाचली. मुलगा लहान असताना मी त्याला जी हाक मारायचे, तीच होती.

"गेम हाय व्हय हा?" मी विचारलं.

"हो. तुम्हाला सांगायची भीती वाटली. तुम्ही म्हणाल, लग्न झालेली बाई आणि गेम खेळत बसते. मामा काय म्हणतील. शेजारीपाजारी काय म्हणतील." मग थोडं थांबून ती म्हणाली, "फोनवर आम्हाला बोलताच येत नाही, आत्या. जेवलीस का, जेवलो. थंडी आहे का, आहे. संपलं. इथं काम असतं ना, मग आपोआप बोलणं होतं. तुझे दगड किती झाले, माझी लाकडं किती झाली, खिडकी कुठं काढायची. मग त्यातच घरचं पण निघतं."

मला तिचं म्हणणं लगेच पटलं. आमच्या घरात कुणालाही कामाशिवाय बोलता येत नाही. हे आणि मी आयुष्यभर बाग, शेड आणि पोराची फी ह्यावरच बोललो. पण मला हायसं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. वेगळं राहण्याची भीती गेली आणि तिच्या जागी हे दुसरंच आलं. ही पोरगी दीड वर्ष ह्या घरात एकटी होती आणि मी जिन्याखाली बसून ऐकत होते.

त्यानंतर मी दुपारी वर जाऊन बसायला लागले. तिची जेवणाची सुट्टी असायची तेव्हा ती गेम उघडायची. घराचा हिशोब तिनं मला समजावला. त्या राज्यात मोहरा चालतात. प्लॉट घेण्यात दोघांच्या साठवलेल्या बहुतेक मोहरा गेल्या. आता प्रत्येक गोष्ट एक तर विकत घ्यायची, नाही तर स्वतः मिळवायची. दगड खाणीत फोडायचा. माती नदीवरून आणून विटा भाजायच्या. खिळ्यांसाठी डोंगरातून कच्चं लोखंड. दारं, खिडक्या आणि तुळयांना एक काळं लाकूड लागायचं, ते लांबच्या जंगलात. आणि छपराला दगडी फरश्या, त्या मात्र आपल्याला बनवता येत नाहीत, बाजारातूनच घ्यायच्या. तो भाव दुसरे खेळणारे ठरवतात. ठरलेल्या मुदतीत घर पुरं झालं नाही तर राजा जागा परत घेतो.

"राजा लय खडूस दिसतोय," मी म्हणाले. ती खळखळून हसली. माझ्यासमोर ती तशी पहिल्यांदाच हसली होती.

द्राक्षं उतरवायचे दिवस होते. शेडवर जाळ्यांवर माल पडला होता आणि हे दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघायचे. बेदाणा वाळताना पाणी लागलं की माल काळा पडतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलाचा फोन आला, पलटण पुढं हलणार आहे. कुठं ते सांगता येत नाही. तिथं मोबाईल चालणार नाही. काळजी करू नका, जमेल तेव्हा कळवतो.

ह्यांनी फोन घेतला, "बरं. सांभाळून," एवढंच म्हणाले आणि शेडवर गेले. मी बघितलं, चपला उलट्या घातल्या होत्या.

सून वर गेली. मी थोड्या वेळानं मागोमाग गेले तर ती कॉम्प्युटरसमोर बसून होती. दाढीवाला गडी खुंटीजवळ नव्हता.

"शेवटी ते जंगलात होते. लाकडं सगळी त्यांच्याकडंच राहिली," ती म्हणाली. "त्यांच्या गाठोड्यात. ते आल्याशिवाय निघत नाहीत."

तिला लाकडांचं दुःख नव्हतं, हे मला कळत होतं. पण लाकडांवर बोलता येत होतं.

"मग दुसरी तोडू," मी म्हणाले.

"मला वेळ कुठं आहे? दिवसभर काम. मुदत पण जवळ आलीये."

"मी तोडते की. मला शिकव."

तिनं मला एक जुनं पात्र काढून दिलं, एक ठेंगणी म्हातारी, डोक्याला रुमाल बांधलेली. ती कामाला वरच्याच मजल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसायची आणि मी शेजारी ह्या गेमच्या. शिकताना माझे लय हाल झाले. म्हातारी पुढं जा म्हटलं की झाडावर जाऊन आपटायची. एकदा तळ्यात गेली आणि बाहेर काढता येईना. सून तिचं काम करता करता हात लांब करून मला वाट दाखवायची. हळूहळू जमलं. कुऱ्हाड चालवायची, झाड पडलं की लाकूड गोळा करायचं, पाठीवर मावेल तेवढं घेऊन तळ्यापर्यंत चालत यायचं. वाटेत एक खिंड होती. तिथं लांडगे.

ज्या दिवशी टीव्हीवर सीमेच्या बातम्या लागल्या त्या दिवशी दुपारी मी त्या खिंडीत होते. खाली ह्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला होता. इतका बारीक की नुसतं कळावं काहीतरी चाललंय. मी एक कान तिकडं देत होते. पाठीवर सगळ्यात मोठा भारा होता, तीन-चार दुपारच्या कष्टाचा, कारण घाई म्हणून मधे रिकामा न करताच मी साठवत गेले होते. लांडगा कधी आला ते कळलंच नाही. पडदा लाल झाला, म्हातारी खाली पडली, आणि सगळी लाकडं रस्त्यावर विखुरली. परत उठून तिथं पोचेपर्यंत कुणीतरी ती उचलून नेली होती.

मी मोठ्यानं ओरडले असेन. सून हेडफोन काढून धावली.

"काय झालं? फोन आला का?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. खालून हेही जिन्यापर्यंत आले. "काय झालं गं? काय?"

"लाकडं गेली," मी म्हणाले.

हे जिन्याचा कठडा धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आगं, असं वराडत्यात व्हय?" आणि तिथंच पायरीवर बसले. सून पाणी आणायला गेली. तिघांच्या मनात एकच गोष्ट येऊन गेली होती आणि ती कुणी बोलून दाखवणार नव्हतं.

लाकडं विकत घ्यायची तर छपराला मोहरा उरत नव्हत्या. मी हिशोब मांडला. शाळेत पोरांना शिकवायचे तसाच, काय आहे, काय लागतं, काय विकता येईल. विकण्यासारखं मोठं एकच होतं, तो पांढरा घोडा. बाजारात त्याला चांगली किंमत येत होती. लाकूड आणि फरश्या, दोन्ही होऊन वर थोड्या मोहरा राहिल्या असत्या. मी मोठ्या हुशारीनं तिला सांगितलं.

"घोडा नाही विकायचा," ती म्हणाली.

"आगं, नंतर घेऊ दुसरा."

"नाही. त्यांनी दिलाय तो. लग्नाच्या वाढदिवसाला."

"अगं पण खोटाच हाय की त्यो. खोट्या घोड्यापायी घर घालवतीस?"

"मग घर तरी कुठं खरंय?" ती एकदम वळली. तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "खोटं आहे तर तुम्ही कशाला झाडं तोडताय दुपारभर? झोप सोडून, डोळे सुजवून? सांगा ना. कशाला?"

मी उठले आणि खाली आले. पीठ मळायला घेतलं. पीठ घट्ट झालं, पाणी घातलं, मग सैल झालं. शेवटी तसंच झाकून ठेवलं. हे माझं-तिचं पहिलं भांडण. ह्या भांडणाच्या भीतीनं मी दीड वर्ष जपून बोलत होते, आणि झालं ते घोड्यावरून.

तिन्हीसांजेला ती खाली आली. माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि झाकलेलं पीठ पुढं ओढून मळायला लागली.

"आत्या, मला वाटतं ते येतील आणि गेम उघडतील, आणि तिथं दुसऱ्याच कुणाचं घर असेल," ती म्हणाली. पिठाकडेच बघत होती. "आणि मग वाटतं, घर पुरं होईल, आणि..."

तिनं पीठ जोरात दाबलं.

"मला बी तेच वाटतं," मी म्हणाले. "म्हनून झाडं तोडते. हात रिकामा राहिला की डोस्क्यात काहीबाही येतं. ह्यांच्या वेळेला असंच व्हायचं. तवा मी गोधडी शिवायचे. लय शिवल्या. पेटीत ठेवायला जागा न्हाई ऱ्हायली."

ती पिठाच्या हातानंच माझ्या मनगटाला धरून बसली.

"छप्पर गवताचं करायचं का?" मग तिनं विचारलं. "फरश्यांपेक्षा खूप स्वस्त. तळ्याकाठचंच गवत चालतं. वरची खोली राहू दे, खालची एकच बास. म्हणजे लाकूड पण कमी लागेल."

"गळणार न्हाई?"

"गेममध्ये गळत नाही, आत्या."

मग आम्ही झपाटल्यासारख्या कामाला लागलो. मी गवत कापलं. तळ्याकाठी लांडगे नव्हते, हे एक बरं. तिनं सुट्टीच्या दिवशी थोडं लाकूड विकत घेतलं, थोडं स्वतः तोडलं. घोड्यावर बसून ती माझ्या म्हातारीबरोबर खिंडीतून यायची, एक लांडगा दिसला की बाण. घोडा ठेवला ते बरंच झालं, हे मी कबूल केलं. बाहेर आभाळ भरून यायचं, हे प्लॅस्टिकचे कागद घेऊन शेडकडे पळायचे, कधी वीज जायची. वीज गेली की आम्ही दोघी काळ्या पडद्यासमोर बसून राहायचो, आणि मुदतीची गणितं करत राहायचो.

मुलाचा फोन नव्हता. गावातल्या दुसऱ्या एका फौजी घरात निरोप आला होता, सगळे ठीक आहेत म्हणून. पण त्यांची पलटण वेगळी. त्या निरोपावर आम्ही किती दिवस काढले, आता आठवत नाही.

घर पुरं झालं तेव्हा काही वाजलं-गाजलं नाही. शेवटची गवताची पेंढी टाकली आणि खुंट्या-दोऱ्या दिसेनाशा झाल्या. दाराला एक कडी आली. सुनेनं दार उघडलं. आत काहीच नव्हतं, ना चूल, ना खाट. खिडकीतून तळं दिसत होतं. आम्ही दोघी, ती चिलखतवाली आणि मी रुमालवाली, रिकाम्या खोलीत नुसत्या उभ्या राहिलो.

"झालं एकदाचं," सून म्हणाली आणि हेडफोन लावून कंपनीच्या कामाला लागली. तिला सुट्टी नव्हती. मी खाली आले. मला वाटलं होतं छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. उलट आता करायला काही राहिलं नव्हतं, आणि ते जास्तच वाईट होतं. तिसऱ्या प्रहरी पाऊस आला. फार नाही, पण एका बाजूच्या जाळ्या भिजल्या. हे भिजून घरी आले आणि म्हणाले, "थोडा माल काळा पडंल. बाकीचा वाचला." मी त्यांना चहा दिला. त्या दिवशी एवढंही पुष्कळ वाटलं.

फोन आला तो सकाळी. अनोळखी नंबर. सून आंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला. आवाज तुटत होता.

"आई, मी बरा आहे. सगळे बरे आहेत. बाबा कुठायत? माल काढला का?"

मी नुसतं "व्हय, व्हय" करत होते. तेवढ्यात सून ओल्या केसांनी धावत आली. मी फोन तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले. खरं तर बाजूला व्हायला नको होतं, पण झाले.

"जेवलात का?" ती म्हणाली. नेहमीचंच. मग ऐकत राहिली, डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, "हो. मुदतीच्या आत झालं. छप्पर गवताचं केलंय. नाही, घोडा नाही विकला. आत्यांनी गवत कापलं. अहो खरंच, आत्यांनी."

पलीकडून तो हसल्याचं मला दारापर्यंत ऐकू आलं.

उन्हाळ्याच्या शेवटी तो सुट्टीवर आला. वाळून गेला होता. पहिले कितीतरी दिवस तो नुसता झोपला. गेम उघडलाच नाही. सुनेनंही त्याला आठवण केली नाही. माझ्या मनात मात्र धाकधूक. सुनेनं मागं सांगितलं होतं, घरात बरेच दिवस कुणी पाऊल टाकलं नाही तर राजा तेही घेतो. मी दुपारी हळूच वर जायचे, म्हातारीला घेऊन दार उघडायचे, आत एक फेरी मारायचे आणि बंद करायचे. एके दिवशी मागं वळून बघितलं तर तो दारात उभा.

"आई, काय करतेस गं?"

"काय न्हाई. घर बघून येते."

तो माझ्याशेजारी स्टूल ओढून बसला. म्हातारीला फिरवत त्यानं खिडकी बघितली, भिंती बघितल्या, छपराखाली उभं राहून वर बघितलं. "छान बांधलंय," एवढंच म्हणाला. तिकडं काय झालं ते त्यानं तेव्हाही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण त्या दुपारी तो बराच वेळ तिथं बसला. नंतर सून आली. मग दोघं चूल कुठं मांडायची ह्यावर वाद घालायला लागले आणि मी उठून खाली आले.

आता त्याची बदली अशा ठिकाणी झाली आहे जिथं बायकोला नेता येतं. दोघं तिकडं सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. ती गेली तेव्हा स्टँडवर मी रडले, तीही रडली. जिच्या वेगळं राहण्याची मी एवढी धास्ती घेतली होती, तिची बॅग मीच भरून दिली, चटणी, बेदाणा, दोन गोधड्या. कॉम्प्युटर ती माझ्यासाठी ठेवून गेली. रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं तळ्याकाठच्या घरात भेटतो. बाहेर एक गोठा घालायचा विचार चाललाय. दगड आहे, लाकूड पुन्हा कमीच. कधी ती दोघं उशिरा येतात. तेवढ्या वेळात मी म्हातारीला घेऊन घराभोवती फेऱ्या मारत राहते. ती सवय काही जायची नाही आता.

हे माझ्या मागं खुर्ची टाकून बसायला लागलेत. सुरुवातीला पेपर वाचायचं निमित्त असायचं. परवा पेपर खाली ठेवून, चष्मा पुसून त्यांनी पडद्यावरच्या पाण्याकडे बराच वेळ बघितलं.

"आगं," ते म्हणाले, "ह्या तळ्यात मासं घावत्यात का?"